देव काढले, कासव राहिलं

त्या उन्हाळ्यात मी एका अख्ख्या राज्याची मालकीण होते, आणि घरात मात्र मला कोणी चहासुद्धा गाळू देत नव्हतं, कारण माझं लक्ष दुसरीकडेच असायचं आणि चोथा पाहुण्यांच्या कपात जायचा. बारावीची परीक्षा होऊन गेली होती, निकाल लागायचा होता, आणि तळेगावातल्या आमच्या टिनाच्या घरात मी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत नुसती येरझारा घालायचे. समोरच्या दारात उभं राहिलं की हायवेवरचे ट्रक भोंगे मारत जायचे. सगळे कुठेतरी जायचे, मीच तेवढी इथे, असं वाटून मी मागच्या दारी जायचे. तिथे आई जुन्या लुगड्यावर कुरड्या घालत बसलेली असे. "काऊन अशी भूत लागल्यावानी फिरून राह्यली वं? बस एका जागी, कावळे हाकल," ती म्हणायची. मी बसायचे. कावळा यायच्या आत उठायचे.

या अस्वस्थपणाला कारण होतं आणि ते अल्लीपूरला राहत होतं. तिकडून एक स्थळ आलं होतं. मुलाची शेती होती, राजदूत गाडी होती, आणि आईच्या म्हणण्याप्रमाणे नाक सरळ होतं. मला वर्ध्याला कॉलेजात जायचं होतं. कशासाठी, हे कोणी विचारलं असतं तर मला धड सांगता आलं नसतं. पण जायचं होतं एवढं नक्की. बाबा गावातल्या शाळेत मास्तर. ते मधल्या मार्गाचे. त्यांनी जेवता जेवता निकाल देऊन टाकला: "कुंती जाते वर्ध्याले, तं नलू बी जाईल. दोघी एका खोलीत राहतील. एकटी पोरगी मी पाठवत नाई. कुंती नाई गेली, तं अल्लीपूरवाल्यायले हो म्हणू." म्हणजे माझं पुढचं सगळं आयुष्य कुंतीच्या येण्यावर टांगलं होतं, आणि मी ते कुंतीला सांगितलंही नव्हतं. सांगण्यात कमीपणा वाटायचा. किती शहाणी होते बघा.

कुंती म्हणजे टेकडीमागच्या गावातली गोंडांची मुलगी. दहावीपर्यंत, मग बारावीपर्यंत ती तळेगावच्या वसतिगृहात राहून शिकली. बाबांची सगळ्यात लाडकी विद्यार्थिनी, म्हणजे माझी सगळ्यात मोठी डोकेदुखी, आणि तरीही मैत्रीण. सुट्टीत ती गावी जायची, पण बाजाराच्या दिवशी आईबरोबर एसटीनं यायची. माय बाजारात चारोळी, टेंभरं, मोहाची सुकी फुलं मांडून बसायची, आणि कुंती दुपारभर आमच्याकडे. येताना पदराला बांधून टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, आणायची; पिवळी, चिकट, खाल्ली की तोंड जड करणारी. त्यांच्या बिया आम्ही अंगणात थुंकायचो आणि आई कुरड्यांवरून ओरडायची.

आता राज्याचं सांगते. माझ्या आत्याचा मुलगा, मधूदादा, अमेरिकेहून आला होता. येताना सगळ्यांसाठी साबण आणि माझ्यासाठी एक खोका. आत दोन इंग्रजी पुस्तकं आणि चित्रविचित्र फासे. त्यातल्या एकाला वीस तोंडं होती, कच्च्या बोरासारखा हिरवा. बाबांना वाटलं परदेशी लुडो असेल. मी डिक्शनरी घेऊन भर दुपारी कूलरसमोर बसले आणि हळूहळू उलगडलं की यात पट नाहीच. एकीनं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. एक तलवारवाली, एक जादूवाली, एक देवाची प्रार्थना करून जखमा बऱ्या करणारी. संकट आलं की काय करणार ते सांगायचं आणि फासा टाकायचा. फासा म्हणाला तर जमलं, नाही तर आपटलात. आणि गोष्ट सांगणारी त्या राज्याची सर्वेसर्वा. हे वाक्य मी तीनदा वाचलं. घरात कोणी ऐकत नसताना असं काही हाती लागणं म्हणजे काय, ते ज्यांचं घरात कोणी ऐकत नाही त्यांनाच कळेल.

खेळायला तिघी जमल्या. शेजारच्या टेलरचाचांची नसीम, पोस्टमनकाकांची विजया, आणि बाजाराच्या दिवशी कुंती. राज्य पुस्तकातलंच घेतलं: बर्फ, किल्ले, सराया, रानडुकराचं भाजलेलं मांस आणि ढीगभर देव. त्या देवांची मोठी गंमत होती. प्रत्येक देवाच्या नावापुढे त्याची ताकद आकड्यात लिहिलेली, म्हणजे तेवढे घाव बसले की देव खलास. मी हे मोठ्यानं वाचत होते आणि आई दारात डाळ निवडत होती.

"देव मरते?" ती म्हणाली.

"खोटा देव हाय आई. तिकडचा."

"खोटा का असेना, देव म्हंतलं ना त्याले? मायाच घरात देव मारून राह्यली तू. तुये बाबा आले का सांगते."

बाबांपर्यंत जायच्या आत मी देव काढून टाकले. सगळेच. उगीच एक ठेवायचा आणि दुसरा काढायचा, त्यापेक्षा साफ. आई खूश झाली आणि मला आपण फार विचारी आहोत असं वाटायला लागलं. तिथून पुढे बिघडत गेलं.

देव गेले तरी पुजारी उरला होता. मी तो विजयाला दिला, कारण ती शांत होती. विजयानं कागद परत माझ्याकडे सरकवला. "मी पुजारी होत नाई. अन् पुजाऱ्याच्या हातून बरी बी होत नाई. मेली तं मेली." तिचे आजोबा दीक्षेच्या वेळी नागपूरला पायी गेले होते, त्यांच्या घरात देवाचा फोटो नव्हता, आणि नाही म्हणजे नाही होता. मला हे माहीत होतं. वर्षानुवर्षं तिच्या घरी जाऊन तिच्या आईच्या हातच्या भाकरी मी खाल्ल्या होत्या. पण बर्फातल्या पुजाऱ्याचा आणि तिच्या भिंतीचा काही संबंध असेल हे डोक्यात आलंच नाही. मी पुजाऱ्याला कंपाउंडर केलं. हातात औषधाची पेटी दिली. विजया लगेच तयार झाली आणि पुढे तिनं आम्हाला इतकं कडू औषध पाजलं की नसीम खोटं खोटं ओकायची.

मग नसीम. तिला जादूवाली व्हायचं होतं, झालीही, दोन दिवस मजेत आग फेकत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अम्मी म्हणते जादूटोना आपल्यात चालत नाई. खेळातला बी नको." मी विचारलं, मग आग कोण फेकणार? नसीम म्हणाली, "रॉकेल टाकून फेकू ना." जादू गेली, रॉकेल आलं. सराईतली दारू गेली, डुक्कर गेलं, त्याच्या जागी झुणका-भाकर आणि कैरीचं पन्हं आलं. हे सगळं होत असताना एक बकरी येऊन आईच्या कुरड्या खाऊन गेली, कारण राखणदार आम्ही होतो आणि आम्ही किल्ल्यावर होतो. त्याबद्दल जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

माझी नात ईरा पुण्यात असले खेळ खेळते, कॉम्प्युटरवर, निरनिराळ्या गावांतल्या मित्रमैत्रिणींबरोबर. सुरू करण्याआधी ते सगळे एकमेकांना विचारतात म्हणे, की बाबा, तुला यात काय नको आहे, कशानं त्रास होईल, तुझ्या घरचं काय आहे. ती मला हे असं समजावून सांगत होती जसं काही मी कालच डोळे उघडले. मी म्हटलं, छान आहे गं. आम्ही आधी मारायचो आणि मग विचारायचो. ती हसली नाही. तिला वाटलं आजी हिंसक आहे.

तर असं करत करत माझं राज्य इतकं सोवळं झालं की त्यात ना देव, ना देऊळ, ना जादू, ना दारू. भांडायला काहीतरी लागतं, म्हणून उरली जनावरं. जनावरांचं कोणाला काय वाईट वाटणार? मी बर्फही काढला, कारण बर्फ आमच्यापैकी कोणी कुल्फीवाल्याच्या पेटीबाहेर बघितला नव्हता, आणि राज्य आणून ठेवलं नदीकाठी. नदीत डोह, डोहाच्या तोंडाशी बैलगाडीएवढं कासव, आणि कासवामागे खजिना. कल्पना माझी. पुस्तकात नव्हती. मला तिचा इतका अभिमान होता की बाजाराचा दिवस येईपर्यंत मला जेवण गेलं नाही.

त्या दुपारी मी कासवाचं मरण फार रंगवलं. विजयाच्या फाशानं त्याची मान तुटली. नसीमनं रॉकेल ओतलं. पाठ फुटल्याचा आवाज मी तोंडानं काढला, कडाड, आणि म्हटलं, आता या पाठीची नाव करा आणि आतल्याचा रस्सा करा. दोघी खिदळत होत्या. कुंतीची पाळी होती, हिरवा फासा तिच्या हातात होता. तिनं तो चटईवर ठेवला. टाकला नाही, ठेवला. पदर झटकला, टेंभरांच्या बिया गोळा करून कोपऱ्यात टाकल्या, जे ती कधीच करायची नाही, आणि म्हणाली, "माय वाट पाहत असन. जातो मी."

"अवं पण खजिना?"

"घ्या तुमी."

मला वाटलं, पाळी शेवटी आली म्हणून फुगली. आईला मी तसंच सांगितलं. आईनं विचारलं, काय खेळत होता? मी कासवाचं सांगितलं, कडाडसकट. आईनं लाटणं खाली ठेवलं. "सोमवारी देवळात कशाले हात लावून आत जातो वं आपण?" महादेवाच्या दारात दगडाचं कासव असतं. मी जन्मापासून दर सोमवारी त्याच्या पाठीला हात लावून कपाळाला लावत आले होते. तेल लागून ती पाठ काळी गुळगुळीत झाली होती. माझ्याही हाताचा तिच्यात वाटा होता. देव काढून टाकण्याची एवढी मेहनत घेतलेल्या बाईला हे कासव दिसलं नव्हतं. "अन् त्या लोकायच्यात कुळाचं जनावर असते," आई म्हणाली. "कुंतीचं कोणतं हाय, कधी इचारलं?"

नव्हतं विचारलं. बारावीपर्यंत एका बाकावर बसलो, तिची अर्धी भाकर मी खाल्ली, तिच्या गणिताच्या वहीवर मी पास झाले, आणि हे विचारलं नव्हतं.

पुढचा आठवडा कसा गेला ते सांगता येणार नाही. मी बसले की उठायचे, उठले की कुठे जायचं ते कळायचं नाही. रस्त्यावर एसटी थांबली की मी दारात. आणि खरं सांगू? मला कुंतीच्या मनाचं जेवढं वाटत होतं, त्याहून जास्त अल्लीपूरचं वाटत होतं. कुंती रुसली, वर्ध्याला आली नाही, की मी गेले राजदूत गाडीवर मागे बसून. डोळ्यांसमोर ते सरळ नाक यायचं. बाजाराचा दिवस उजाडला. कुंतीची माय एकटीच आली.

मी बाजारात तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. "मावशी, कुंती?"

"घरी हाय. काम हाय तिले," एवढंच बोलून ती चारोळी मापायला लागली.

काम हाय! मला काय ते कळलं. मी घरी गेले, आईला म्हटलं मावशीसोबत कुंतीकडे जाते, उद्या सकाळच्या गाडीनं येते. आईनं एक नजर टाकली आणि डब्यात कुरड्या भरून दिल्या, बकरीनं ठेवलेल्या. खोका काखोटीला मारून मी संध्याकाळच्या एसटीत मावशीशेजारी बसले. वाटभर ती आणि दुसऱ्या बाया गोंडीत बोलत होत्या. मधेच सगळ्या हसायच्या. मला खात्री होती, त्या कासवावर बोलत आहेत. आता वाटतं, बाजारात आलेल्या कोणा येड्या गिऱ्हाईकावर बोलत असतील. माणूस अठरा वर्षांचा असला की सगळं जग त्याच्याचबद्दल बोलत असतं.

एसटी अर्ध्या वाटेवर सोडते, पुढे चालायचं. पोहोचलो तेव्हा अंगणभर हिरवी पानं पसरली होती, तेंदूची, बिडीची. कुंती त्यांच्या मधोमध बसून जुड्या बांधत होती. पान जुळवायचं, देठ एका बाजूला, सालीच्या वाकाची गाठ, ठेवलं. मला बघून तिचा हात थांबला नाही.

"काय वं नले? इकडं कशी?"

मी पाठ करून आणलेलं भाषण काढलं. कासव रद्द. कासवाच्या जागी मगर. मगर नको असेल तर रानडुक्कर. नाही, ते नसीमला नको, मग अजगर. अजगरही कोणाचा असेल तर नुसता मोठा दगड ठेवू, दगडाला मारू. मी एका दमात बोलत होते, आणि मावशी घागर उतरवता उतरवता ऐकत होती.

"झालं?" कुंती म्हणाली. "बस. हे धर. देठ जुळव."

मी बसले. माझी जुडी सुटली. पुन्हा बांधली, पुन्हा सुटली.

"आमच्या कुळाचं हाय ते," ती म्हणाली. "आमी मारत नाई त्याले. वाटेत भेटलं तं पाण्याकडं तोंड करून देतो. तू त्याचा रस्सा केला."

"म्हणून तं काढून टाकते म्हणते ना!"

"तेच. तुले दुसरं सुचतच नाई का? आईनं म्हंतलं, देव काढ. विजी बोलली, पुजारी काढ. नसीम बोलली, जादू काढ. कोणी राह्यते का आता त्या तुया राज्यात? रेस्ट हाऊस झालं ते. खुर्च्या हायेत, माणूस नाई."

मला राग आला. एवढी मी सगळ्यांसाठी झटले आणि वर हे! मी म्हटलं, मग करू तरी काय? ती म्हणाली, कासव राहू दे, तिथंच राहू दे. मी म्हटलं, मग खजिना कसा घ्यायचा? ती म्हणाली, "ते तू सांगू नोको. मी सांगतो. तू ये नदीवर."

आणि अंगणात, पानं जुळवता जुळवता, कुंतीनं गोष्ट आपल्याकडे घेतली. मी नदीवर आले. समोर कासव. काय करते? मी डावीकडून गेले, कासव तिथंच. उजवीकडून गेले, भाकर फेकली, खोटं खोटं बोलले, पाया पडले. कासव तिथंच. मी खोक्यातला फासा काढायला गेले. "फासा नाई," ती म्हणाली. मी म्हटलं, हा काही खेळ झाला नाही. ती म्हणाली, तुया राज्यात तू म्हणशीन तेच मी खेळली, आता तू खेळ. मावशी चुलीपुढून काहीतरी गोंडीत बोलली आणि दोघी मोठ्यानं हसल्या.

"काय म्हणते मावशी?"

"म्हणते, या पोरीले एका जागी बसता येते का ते इचार त्या कासवाले."

जेवायला भाकर, चिंचेचं सार आणि तळलेल्या कुरड्या होत्या. खजिना मला त्या दिवशी मिळाला नाही. कधीच मिळाला नाही, खरं तर. मी कासवासमोर स्वस्थ बसूनही बघितलं, पण मधे पाय हलवला की कुंती मला पुन्हा नदीच्या सुरुवातीला नेऊन ठेवायची. विजया आणि नसीम पुढच्या खेळांत या नदीवर आल्या आणि पार झाल्या. विजयानं कासवाच्या डोळ्यांत औषध घातलं. नसीमनं काय केलं ते ती अजूनही सांगत नाही.

सकाळी गाडीची वाट बघत फाट्यावर उभे होतो. आता विचारलंच पाहिजे होतं. मी म्हटलं, "तू वर्ध्याले येशीन ना? राग नाई ना आता?"

कुंतीनं माझ्याकडे बघितलं. "राग हाय थोडा. पण राग आला म्हणून कोणी कॉलेज सोडते का? पानाचा हंगाम होता म्हणून आली नाई मी बाजाराले. वर्ध्याले मी तं जाऊनच राह्यली, मायनं केव्हाचंच हो म्हंतलं. तू काऊन इचारते?"

मग मी तिला सांगितलं. अल्लीपूर, बाबांची अट, सगळं. ती ऐकत राहिली, आणि मग तिनं जे विचारलं ते विचारायला गावात दुसरं कोणी धजलं नसतं. "मंग तुये बाबा मले पाठवून राह्यले का तुले? अन् मी नसती जात, तं तू काय केलं असतं?"

गाडी आली. मी चढले. घरापर्यंतच्या प्रत्येक खड्ड्यात मी तोच प्रश्न स्वतःला विचारत राहिले.

घरी बाबा ओसरीवर पेपर वाचत होते. मी चपलाही काढल्या नाहीत. काढल्या असत्या तर बसले असते, आणि बसले असते तर विचार केला असता. म्हटलं, "बाबा, मी वर्ध्याले जाते."

"कुंतीचं पक्कं झालं?"

"कुंती तिच्यासाठी जाते. ती नसती गेली तरी मी गेली असती."

बाबांनी पेपर घडी केला, उलगडला, पुन्हा घडी केला. त्यांना मी इतकं सरळ बोललेलं बहुधा पहिल्यांदाच ऐकू येत होतं. एरवी मी दारं आपटायचे. "असं?" ते म्हणाले. "अन् त्या अल्लीपूरवाल्यायले काय सांगू मी? काहीतरी कारण तं द्या लागन."

आतून आईचा आवाज आला. "सांगा का पोट्टी लय बोलते. सोताच नाई म्हंतील ते."

बाबांनी खरोखर तसंच लिहिलं, आणि ते खरोखर नाही म्हणाले. परतीच्या टपालानं. निदान एखाद-दोन दिवस विचार करायला काय हरकत होती, असं मला आजही वाटतं.